अधिवेशनाला दिवसाच्या गाडीने या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशन म्हणजे सरकारी खर्चाने सहल, अशी ओरड दर डिसेंबरला वर्तमानपत्रांत असते. मी कराडचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. मुलगा इथल्या मिहान उद्योग प्रकल्पात नोकरीला लागला म्हणून यंदा ऐन थंडीत आम्ही नवरा-बायको नागपूरला राहायला आलो. सहलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. करू देत की! ती नीट करत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने आलो. कोल्हापूर ते गोंदिया, म्हणजे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी गाडी. कराडचं स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे, तिथं संध्याकाळी चढलो. पुणे रात्रीत गेलं, नगर झोपेत, मनमाडला चहावाल्याच्या हाळीनं जाग आली. खरा प्रवास भुसावळपासून पुढं सुरू झाला. केळी मागं पडली आणि मलकापूरनंतर काळी जमीन लागली. आमच्याकडं रुळाच्या दोन्ही बाजूंनी ऊस उभा, पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर अडवायला काही नाहीच. फुटलेला कापूस, मधून मधून शेंगा धरलेल्या तुरीच्या ओळी, आणि कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया. गाडी गेली तरी त्यातली एकही मान वर करत नव्हती. माझी बायको शेतकऱ्याची लेक. अकोला येईपर्यंत खिडकीची जागा तिनं मला दिली नाही.

शेगावला कचोरी घेतली, ती घ्यावीच लागते. मूर्तिजापूरला समोरच्या गृहस्थांनी बोट दाखवून सांगितलं की इथून एकीकडं यवतमाळ आणि दुसरीकडं अचलपूर अशी ‘शकुंतला’ धावायची. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ती छोटी लाईन. आता बंद. मार्ग बंद पडतो म्हणजे काय होतं, हे कंडक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. फाट्यावरची माणसं पुढंही बरेच दिवस त्या वेळेला येऊन उभी राहतात. धामणगाव गेलं, वर्धा नदीचा पूल आला, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “झालं, वऱ्हाड संपलं.” ते पुलगावला उतरले.

आता मुंबईची मंडळी कशी येतात? विमानानं. नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसनं किंवा दुरांतोनं, आणि या दोन्ही गाड्या रात्रीच्या. सगळं वऱ्हाड पांघरुणाखालून निघून जातं. मोटारीनं यायचं तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, पण त्यावरून गावं लांबूनच दिसतात. ज्यांच्या कापसाच्या भावावर सभागृहात आरडाओरड करायची, त्यांचं शेत एकदा उजेडात बघायला काय हरकत आहे?

नागपूरची म्हणाल तर पहिली गंमत सूर्याची. साडेपाचच्या सुमाराला चक्क दिवस मावळला! कराडला त्या वेळी गच्चीवर ऊन असतं. राज्य किती लांबवर पसरलंय हे मला शाळेतल्या नकाशानं कधी पटलं नव्हतं. दुसरी थंडीची. आमच्या भागात नागपूर म्हणजे उन्हाळा, बस. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे आम्हाला कोण सांगणार? समुद्र लांब, उत्तरेचा कोरडा वारा थेट अंगावर. दोन दिवसांत ओठ फुटले. स्टेशनाबाहेर कानटोपी घातलेला ऑटोवाला म्हणाला, “काकाजी, कुठं जाऊन राहिले?” आणि सामान उचलूनसुद्धा मोकळा झाला. भाडं मात्र मी ठरवूनच बसलो, जुनी खोड. निघताना मागं वळून स्टेशनाची दगडी इमारत पाहिली. १५ जानेवारी १९२५ ला तिचं उद्घाटन झालं, म्हणजे तिनं शंभरी गाठली आहे. तर्री पोह्यांबद्दल इथल्या वाचकांना मी काय सांगावं? तर्रीला आमच्या मिसळीच्या कटाची सर नाही, असं मी घरात म्हणतो आणि रविवारी सकाळी मुकाट्यानं रांगेत उभा राहतो.

विधानभवनाच्या जवळच झिरो माईलचा खांब आहे, गावोगावची अंतरं कोरलेला जुना दगड. अंतरं वाचायची मला सवय, म्हणून भोवती फिरून पाहिलं. हैदराबाद आहे, जबलपूर आहे, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा आहे. पुणे नाही, मुंबई नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्याच्याही आधी मध्य प्रांताची. तेव्हा या शहराचं येणंजाणं कुणीकडं होतं ते त्या दगडावर दिसतं. ती राजधानी सोडून ही माणसं आपल्याकडं आली आणि १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणं वर्षातून एक अधिवेशन इथं ठरलं. आमदारांनी त्या खांबापर्यंत चालत जावं. पाय दुखणार नाहीत.

एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असतं, खिडकीवर तसं लिहिलेलंही असतं. माझ्या नोकरीत त्या आसनावर बसलेला आमदार मला भेटला नाही. लेकरू घेऊन चढलेल्या बाईला मी तिथं बसवायचो. तेव्हा फार अपेक्षा ठेवून हे लिहीत नाही. पण पुढच्या अधिवेशनाला कुणी भुसावळहून दिवसाच्या गाडीत बसणार असेल, तर आपण एक बातमीदार सोबत जरूर पाठवावा. आमदारांना प्रवास फुकट असेल, बातमीदारानं तिकीट काढावं.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर
(मूळ गाव कराड, हल्ली मुक्काम नागपूर)