आजोबांच्या डब्याविषयी

नाशिक

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू आजोबांचा नाण्यांचा डबा मागितलास आणि त्याच दमात, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे खरोखर लाखो रुपये मिळतात का, असेही विचारलेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो: मिळत नाहीत. ते नाणे २०१२ सालचे, चलनातले आहे; आणि अशा जाहिराती देणारे लोक नोंदणीच्या किंवा कराच्या नावाखाली आधी तुझ्याकडूनच पैसे उकळतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबाबत लोकांना जाहीरपणे सावध केले होते. तेव्हा तो विषय इथेच संपला असे समज.

डबा तुला देईन. त्यात राणीछाप रुपये सापडतील अशी तुझी समजूत असेल, पण ते पाचही रुपये आजीच्या देवघरात आहेत. दर लक्ष्मीपूजनाला दुधापाण्याने न्हाऊन आणि पंचाने पुसून त्यांच्यावरच्या राणीचे नाक जवळजवळ सपाट झाले आहे. नाणी जमवणारा माणूस हे पाहून हळहळेल, पण आपल्या घरी ती नाणी त्याच कामाची आहेत आणि तिथेच राहतील. डब्यात आहेत ती साधी नाणी: दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासू लागल्यावर पाडलेला भोकाचा पैसा, १९५० चा घोड्याचे चित्र असलेला पैसा, काही चवल्या-पावल्या, म्हणजे दोन आण्यांची व चार आण्यांची नाणी, आणि मूठभर नये पैसे. नया पैसा हातात घेतलास की त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे लिहिलेले दिसेल. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्ट पैसे होत असत; त्या दिवसापासून शंभर झाले, आणि कोणता पैसा जुना व कोणता नवा हा घोळ टाळण्यासाठी नाण्यावरच खुलासा करावा लागला. लोकांना सवय झाल्यावर, १९६४ मध्ये, ‘नया’ हा शब्द गळाला.

परंतु सुरुवात या डब्यापासून करू नकोस. ती तुझ्या खिशातल्या सुट्या पैशांपासून कर. नाण्यावरच्या सालाखाली नीट पाहिलेस तर बारीकशी खूण दिसेल. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एकाच साली निघालेले चार रुपये चार गावचे असू शकतात, हे कळल्यानंतर मी स्वतः कित्येक महिने भाजीवाल्याने परत केलेली मोड दिव्याखाली धरून पाहत असे आणि तुझी आई मला हसत असे. १९९२ ते २००४ या काळातले स्टेनलेस स्टीलचे लहान रुपयाचे नाणे घे आणि साल व टांकसाळ यांनुसार ते पुरे करण्याचा प्रयत्न कर. खर्च जवळजवळ नाही, आणि तुझी नजर तयार होईल. नजर तयार नसताना विकत घेतलेले नाणे बहुधा खोटेच निघते.

आता मुख्य गोष्ट. डब्यात एक शिवराई आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर सुरू झाले आणि त्याच्या नकला पुढे पेशवाईतही पाडल्या जात राहिल्या. आपली शिवराई त्या उशिराच्या प्रकारांपैकी असावी. मी दहा वर्षांचा असताना ती मला काळीकुट्ट दिसली, म्हणून मी चिंच आणि मीठ घेऊन ती अर्धा तास घासली. ती नव्या पातेल्यासारखी गुलाबी झाली. आजोबांनी तिच्याकडे पाहिले आणि न बोलता ती परत डब्यात टाकली. ते का बोलले नाहीत, हे मला फार पुढे उमगले, जेव्हा एका प्रदर्शनात एका जाणत्या गृहस्थांनी ती बोटांत धरून, एकदाच कलती करून मला परत दिली. तांब्यावर चढलेला तो काळपट थर म्हणजे मळ नव्हता. दीडदोनशे वर्षांत धातूवर धरलेले ते कवच होते, आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही थोड्या गेल्या होत्या. म्हणून चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही नाण्याला लावायचे नाही. नाणे कडेने धरायचे, छापावर बोट टेकवायचे नाही, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचे नाही, कारण त्या पाकिटांमुळे वर्षा-दोन वर्षांत तांब्यावर हिरवट चिकटा येतो. पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्या घे.

पुढे कधी चांदीचा रुपया घेण्याची वेळ आली तर आधी तो काट्यावर ठेव. १८३५ पासूनचा ईस्ट इंडिया कंपनीचा किंवा राणीछाप रुपया बरोबर एक तोळा भरत असे. आजचा सराफ तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो, पण रुपयाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे. झिजेने वजन थोडे घटते. ग्रॅमभर कमी भरले किंवा लोहचुंबकाला नाणे चिकटले तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. राम-सीता-हनुमानाचे चित्र आणि ‘१८१८ हाफ आना’ असे शब्द असलेली नाणीही तुला कोणीतरी दाखवीलच. ती कंपनीने कधी पाडलेली नाहीत.

दिवाळीच्या सुटीत आपण त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जाऊ. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला, १९०६ मध्ये क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. अशा नाण्यावर सातवाहनांच्या खुणांखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेघ डोकावते. दोन राजांची लढाई कोणी जिंकली, हे त्या बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर वाचता येते. तो साठा जिथे सापडला ते गाव आणि साठ्यात काय काय होते ते लिहून ठेवले गेले, म्हणून त्याचा एवढा अर्थ लागला. तीच नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती तर चांदी तेवढी उरली असती.

यासाठी तुझ्या प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी असू दे: कोणाकडून आले, कुठे, कधी, किती पैसे मोजले. आजोबांनी हे केले नाही, त्यामुळे चवल्या कुठल्या बाजारातून आल्या हे आता सांगणारे कोणी नाही. मी आठवेल तेवढ्या चिठ्ठ्या या आठवड्यात लिहून डब्यात घातल्या आहेत. शिवराईची पहिली लिहिली: ‘आजोबांकडून. मी चिंचेने घासली, १९८४.’

तुझा,
बाबा