पित्ताची पिशवी आणि सोळा वर्षांचा सिकलसेल रुग्ण

महोदय,

पूर्व विदर्भात सिकलसेलची (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आता गावोगाव होते आणि तिच्या निकालाची कार्डेही मिळतात. परंतु कार्ड मिळालेल्या मुलाच्या पित्ताशयात पुढे खडे होऊ शकतात आणि ती पिशवी काढायची की ठेवायची हे ऐन दहावी-अकरावीच्या वयात ठरवावे लागू शकते, याची कल्पना आम्हा पालकांना कोणी देत नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा, 'एसएस' पॅटर्नचा, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेला. निरोगी लाल रक्तपेशी सुमारे 120 दिवस टिकते, सिकलसेलमध्ये ती 10 ते 20 दिवसांत फुटते, आणि तिच्यातून निघणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचे पित्तात खडे बनतात, हे मला कळले ते सोनोग्राफीचा कागद हाती आल्यावर.

तोवर त्याच्या प्रत्येक पोटदुखीला 'क्रायसिस', म्हणजे सिकलसेलच्याच वेदनांचा झटका, म्हणून सलाईन लावले जात होते. एका रात्री दुखणे उजव्या बरगडीखालून खांद्यापर्यंत गेले, तेव्हा जिल्ह्याच्या एका खासगी रुग्णालयात खडे दिसले आणि 'सकाळीच पिशवी काढू' म्हणून माझ्यापुढे संमतिपत्र ठेवले गेले. त्याचे हिमोग्लोबिन साडेसात होते. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देण्यापूर्वी बहुधा रक्त चढवून ते दहाच्या आसपास आणावे लागते, शरीरात पाणी आणि ऊब राखावी लागते, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर छातीत गंभीर गुंतागुंत होऊ शकते. यातले काहीच त्या रात्री कोणाच्या बोलण्यात आले नाही. पहाटे दुखणे ओसरले म्हणून मी सही न करता परत आलो.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. पानफुटीचा रस तर तिघांनी सुचवला. (मुतखडा आणि पित्तखडा हे एकच असे मानणारी माणसे आपल्याकडे किती आहेत!) पित्ताशयातले खडे लघवीवाटे जात नाहीत, आणि कोलेस्टेरॉलचे काही लहान खडे विरघळवणारी गोळी असली तरी सिकलसेलमधल्या बिलिरुबिनच्या काळ्या खड्यांवर तिचा उपयोग होत नाही.

नागपूरच्या शल्यचिकित्सकांनी मात्र माझ्याशी न बोलता मुलाशी बोलायला सुरुवात केली. खडे नुसते असले आणि त्रास नसला तर थांबता येते, पण दुखणे खड्यांचेच असेल तर थांबण्यात पित्ताशयाला सूज, कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह यांचा धोका आहे, असे सांगून त्यांनी त्याला दुखण्याची नोंद ठेवायला लावली. दोन महिन्यांत त्याच्या वहीत पाच नोंदी झाल्या. त्यांतल्या चार लग्नाच्या किंवा सणाच्या जेवणानंतरच्या, आणि तेलकट-तुपकट जेवणानंतर उठणारे दुखणे बहुधा खड्यांचेच असते. 'पिशवी काढली की माझे दुखणे थांबेल का?' हा प्रश्न त्याचाच. 'खड्यांचे थांबेल, सिकलसेलचे हातापायांचे नाही,' या सरळ उत्तराने त्याचा होकार आला. अठराखालच्या मुलासाठी सही पालकाची लागते हे खरे, पण पोट त्याचे आहे.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 मध्ये केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते, त्यामुळे अडचण शस्त्रक्रियेची नसून तिच्या तयारीची आहे. आम्ही मे महिना टाळला, कारण चंद्रपूरच्या उन्हात सिकलसेलच्या मुलाच्या अंगात पाणी टिकवणे हेच एक काम असते. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली आहे. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी दिलेल्या नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे असतात. तिसरा अजून हलत नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी चिडतो.

आरोग्य विभागाला विनंती एवढीच, की सिकलसेल केंद्रांवर किशोरवयीन मुलांना जेवणानंतरच्या पोटदुखीबद्दल आवर्जून विचारावे, संशय येताच सोनोग्राफी करावी आणि कोणत्या रुग्णालयात रक्तासह पूर्वतयारी होऊ शकते त्याची यादी कार्डासोबतच द्यावी.

— एक पालक, चंद्रपूर