ऑर्क आणि एल्फ आमच्याकडे चुलतभाऊ आहेत

संपादक महोदय,
सुट्टीतल्या खेळांवरच्या तुमच्या पुरवणीत डंजन्स अँड ड्रॅगन्सला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, त्याही 'राक्षस मारायचा परदेशी खेळ' छापाच्या, म्हणून लिहितोय. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ काढला. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि डाव साधला की फसला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षस मारतात हे खरंय, पण राक्षस कोण आणि कुणाचा कोण, हे घरी जग रचणारा ठरवतो ना, आणि खरी मजा तिथेच आहे.

मूळ खेळात एल्फ (टोकदार कानांचे, दीर्घायुषी), ड्वार्फ (बुटके, दाढीवाले), ऑर्क (राकट, सुळेवाले) यांना वेगवेगळ्या देवांनी घडवलंय, म्हणजे आपसात नातं शून्य, एल्फ-ऑर्कांचं तर देवांपासूनचं वैर. तरी एल्फ आणि माणसाला मूल होतं, ऑर्क आणि माणसालाही होतं, हे कसं काय बुवा? २०२४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात, तर हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे दोन्ही पर्यायच गाळले. मला हे साफ पटलं नाही, सगळ्यात रंगतदार पात्रं तीच होती. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या हाडाच्या एका तुकड्यावरून २०१८मध्ये कळलं की त्या मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन, म्हणजे नामशेष झालेल्या दोन वेगळ्या मानवगटांतले. खऱ्या जगात हे चालतं तर खोट्या जगात एवढं सोवळं कशाला!

आपल्या पुराणांत बघा, कश्यपाला अदितीपासून आदित्य, दितीपासून दैत्य, दनूपासून दानव, कद्रूपासून नाग, विनतेपासून गरुड. बाप एकच. कुबेर आणि रावण सावत्र भाऊ, आणि भांडण कशावरून तर लंका आणि पुष्पक विमान. थोडक्यात भाऊबंदकी. आम्ही आमच्या घरच्या खेळात तेच उचललं, एल्फ आणि ऑर्क एका आजोबांची नातवंडं केली. आता एल्फ जगतो साडेसातशे वर्षं, ऑर्क फार तर ऐंशी, त्यामुळे नदीकाठचा बांध कुणी सरकवला हे एल्फ काकांनी स्वतः पाहिलेलं असतं आणि ऑर्कांच्या कितीतरी पिढ्या ते नुसतं ऐकत आलेल्या, वाटणी काही होत नाही कारण काका काही जात नाहीत.

मग एकदाचे ते गेले. आमची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, तलवारी उपसून ऑर्कांच्या तळावर धडकली तर तिथे चूल बंद, म्हातारा ऑर्क म्हणाला दहा दिवस थांबा, आम्हालाही सुतक आहे. फासे हातात धरून सगळे गप्प, कारण पार्टीतल्या एल्फालाही तेच सुतक लागलं होतं आणि त्याने ते पाळलंच नव्हतं! त्यानंतर तासभर जी वादावादी झाली तशी मजा कुठल्याही लढाईत आली नव्हती.

ड्वार्फांचं मात्र अजून जमेना. तेराव्या शतकातल्या स्नोरीच्या एड्डात, म्हणजे आइसलँडच्या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथात, ड्वार्फ राहतात काळ्या एल्फांच्या मुलखात, म्हणून आमच्यातल्या एकीचं म्हणणं ते एल्फांचीच धाकटी पाती, दुसरा म्हणतो छे, ते आजोळकडचे, वाटणीत त्यांचा काय संबंध. तोवर ड्वार्फाला सुतक लागतं की नाही ते आम्ही दरवेळी फासा टाकून बघतो.

– एक वाचक, ठाणे