कोलाज रंगीतच छापायला हवे होते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकी संकल्पनावादी (कारागिरीपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारे) चित्रकार जॉन बाल्डेसारी यांच्यावर आलेला लेख जाणकारीने लिहिलेला असला, तरी सोबतचे कोलाज कृष्णधवल छापल्यामुळे त्याची पार रया गेली, हे नमूद करणे भाग आहे.

बाल्डेसारी जुन्या, बहुतेक दुय्यम दर्जाच्या चित्रपटांचे स्टिल फोटो स्वस्तात विकत आणत आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांतील चेहऱ्यांवर, दुकानदार किमतीसाठी चिकटवतात तसले, गोल रंगीत ठिपके देऊ लागले. चेहरा झाकला की नट कोण हे कळत नाही आणि नजर आपसूक हातांच्या ठेवणीकडे, कोटाच्या चुणीकडे, मागच्या फर्निचरकडे वळते. वृत्तपत्रात आरोपीच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली, तर आपण तिच्या कडेने चेहराच शोधत बसतो. या ठिपक्याखाली शोधण्यासारखे काही उरत नाही.

ठिपक्यांच्या रंगांनाही त्यांनी अर्थ नेमून दिले होते. तांबडा धोक्याचा, हिरवा निर्धोक. मी उभी हयात छापखान्यात ब्लॉक, म्हणजे चित्रे छापण्याचे ठसे, करण्यात घालवली; त्या सवयीने अंक भिंगाखाली धरला, तेव्हा लेखात तांबडा म्हटलेल्या आणि शेजारच्या हिरव्या ठिपक्यात शाईचे कण जवळजवळ सारखेच पडलेले दिसले. कोलाजमधल्या खोलीत धोका कोणापासून आहे, हे कळायला वाचकाला मार्गच राहिला नाही.

चित्राची उजवी कडही छाटलेली दिसते. छाटल्याने काय बिघडते याचे उदाहरण द्यायचे तर, ‘किस/पॅनिक’ या बाल्डेसारींच्या १९८४च्या कृतीत मध्यभागी चुंबनाचे आणि गर्दीचे छायाचित्र असून भोवतीच्या छायाचित्रांतील पिस्तुले बाहेर रोखलेली आहेत. स्तंभात बसवण्यासाठी तिची एक बाजू कापली, तर तो वेढाच मोडेल. बाल्डेसारी स्वतः इतरांची छायाचित्रे बिनदिक्कत कापत, हे खरे. पण कुठे कापायचे हे ठरवणे हेच तर त्यांचे काम होते. १९७० साली त्यांनी आपली जुनी चित्रे दहनगृहात जाळली, या पुनःपुन्हा सांगितल्या जाणाऱ्या किश्श्याची जागा वाचवली असती, तरी कोलाज पूर्ण रुंदीत बसले असते.

रंगीत पान शक्य नसेल, तेव्हा चित्रओळीत रंगांचा उल्लेख, कृतीचे साल व मूळ आकार द्यावा, आणि चित्र छाटले असल्यास तसेही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, पुणे