दोन सेकंदांची तपासणी

डॉक्टर मॅडम,

शेवटच्या तपासणीला आलो तेव्हा बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात "बरंय, येतो" एवढंच म्हणालो आणि निघालो. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण माझ्यासारखी उतरलेली पापणी घेऊन फिरणारा दुसरा कोणी हे वाचत असेल तर त्यालाही कळू दे.

सुरुवात हौसेतून झाली, हे लपवत नाही. डोळ्यांखालच्या पिशव्यांमुळे जो तो विचारायचा, "झोप झाली नाही का?" पिशव्या काढून घेतल्या, तर लोक विचारायला लागले, "रडलास का?" खालच्या पापण्या इतक्या खाली ओढल्या गेल्या की बुबुळाखाली पांढऱ्याची पट्टी उघडी पडली. दिसण्याचं एक वेळ सोडा. रात्री डोळा पूर्ण मिटेना. सकाळी उठलं की डोळ्यांत वाळू, दिवसभर पाणी, आणि वारा म्हणजे शिक्षा.

ज्यांनी ते ऑपरेशन केलं त्यांचं उत्तर ठरलेलं: सूज आहे, उतरेल, मालिश करा. आठ महिने झाले तरी सूजच! शेवटी म्हणाले, "तुम्ही आरशात फार बघता." दुसऱ्या एकांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि सांगितलं, कोपरा आवळून टाकू, अर्ध्या तासाचं काम.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी "हे कशाला करून घेतलं?" या प्रश्नाची तयारी करून आलो होतो. तो प्रश्न आलाच नाही. तुम्ही आधी दहा वर्षांपूर्वीचा फोटो मागितलात, आणि पापणी पूर्वी कुठे टेकायची ते त्यात बराच वेळ पाहत बसलात. मग माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसून टॉर्चचा ठिपका बुबुळावर कुठे दिसतो आणि तिथून खालच्या पापणीची कड किती दूर आहे ते पट्टीने मोजलंत. साधारण 5 मिलिमीटर असावं, माझं डावीकडे 8 होतं. बाजूनेही पाहिलंत. माझा डोळा मुळातच गालाच्या हाडापेक्षा पुढे आलेला. अशा चेहऱ्यावर खालच्या पापणीला हात लावताना जास्त जपावं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पहिल्या ऑपरेशनआधी बाजूने कोणी पाहिलं होतं का, आठवत नाही. थायरॉईडमुळेही असं होतं म्हणून तुम्ही रक्ततपासणीही सांगितलीत.

आणि मग ते बोट. बाहेरच्या कोपऱ्यावर एक बोट ठेवून पापणी वर सरकवून पाहिलीत. नाही आली. दुसऱ्या बोटाने मधून उचललीत, तेव्हा आत काहीतरी धरून ठेवल्यासारखं मलाही जाणवलं. तिसऱ्या बोटाने गाल वर ढकललात, आणि पापणी जागेवर आली. नुसता कोपरा आवळून भागणार नाही, आतला व्रण सोडवावा लागेल, गालही उचलावा लागेल, हे तुम्हाला त्या तीन बोटांतच कळलं होतं. तपासणी दोन सेकंदांची होती. ती झाली होती.

पण तुम्ही बोटं काढली नाहीत. तशीच धरून बोलत राहिलात. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा डावा डोळा टोचत नव्हता, शांत होता. मी गप्प झालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "बसा असेच थोडा वेळ. घाई नाही." बाहेर रांग होती, हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. कुशल हात बऱ्याच जणांचे असतील. काम झाल्यावरही थांबणारा हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एवढं माणूसपण कुठल्या शिक्षणात बसवता येत असेल, देव जाणे.

कोपरा आवळण्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, पोट सुटलेल्या माणसाने पट्टा आवळला की तो पोटाखाली घसरतो, पुढे आलेल्या डोळ्याखाली पापणीचंही तसंच होतं. माझं पोट पाहूनच ते उदाहरण निवडलं असणार. आणि एक गोष्ट मला त्या वेळी रुचली नव्हती, तीही लिहितो: पहिले काही महिने थांबून मालिश करायला सांगणं चूक नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. व्रण मऊ व्हायला वेळ द्यावाच लागतो. ज्यांनी मला आरशावरून टोमणा मारला त्यांची बाजू तुम्ही घेतलीत! आता पटतं. चूक थांबवण्यात नव्हती, थांबवून पुन्हा न पाहण्यात होती.

ऑपरेशनचं काय लिहू? तोंडातल्या टाळूचं अस्तर काढून ते पापणीच्या आत आधाराला लावलंत, आणि डोळ्यापेक्षा टाळूच जास्त दुखली. ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. फोटोतला डोळा जसाच्या तसा परत येणार नाही, हेही. डावी पापणी मिलिमीटरभर खालीच राहिलीय. मला चालतं. रात्री डोळा मिटतो.

तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत वाचताना मी एका हाताने पापणी वर धरून बसायचो, तुम्ही धरली होती तशी. ती सवय अजून गेलेली नाही. पुस्तक उघडलं की बोट आपोआप गालावर जातं. आता उचलायला काही नसतं. तरी थोडा वेळ तिथेच राहू देतो.

तुमचा,
मंगळवारचा शेवटचा पेशंट