मुलांच्या शाळेतली एक रिकामी जागा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या मुलांच्या एका माध्यमिक शाळेत मी एकोणतीस वर्षे मराठी शिकवले आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमचे पीटीचे सर माझ्या तीन वर्षे आधी निवृत्त झाले. त्यांची जागा अजून भरलेली नाही, आणि त्या जागेविषयीच हे पत्र आहे.

मुलांच्या शाळेत झाडलोट, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत ही सगळी कामे मुलांनाच करावी लागतात. परीक्षेच्या कामानिमित्त मी अनेक मिश्र शाळांत गेलो. तिथे हीच कामे कोणी न सांगता मुलींकडे जातात. खिचडी खाऊन झाली की आपले ताट आपणच नळावर घासायचे, हा नियम आमच्याकडे पीटीच्या सरांनी लावला होता आणि स्वतःचा डबाही ते त्याच रांगेत उभे राहून धूत असत. आता मुले ताटे तशीच टाकून जातात आणि मावशी ती घासतात.

एक प्रसंग सांगतो. आठवीतल्या एका मुलाचे वडील वारले. तेरावे झाल्यावर तो शाळेत आला, तेव्हा मुंडण केलेल्या डोक्यावर पांढरी टोपी होती. केस कापून आलेल्याला टपली मारायची, हा आमच्या मुलांचा जुना रिवाज. त्या सकाळी सरांनी वर्गाला मैदानावर बसवून एवढेच सांगितले, "त्याच्या टोपीला कुणी हात लावायचा न्हाई, आणि आज त्याला खेळायला घ्यायचं." मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळताना ती टोपी पडली. पायातला चेंडू सोडून एका मुलाने मातीचे हात चड्डीला पुसले, टोपी उचलून झटकली, त्याच्या हातात दिली आणि खेळ पुढे सुरू झाला. मूल्यशिक्षणाच्या तासाला 'सहानुभूती' हा शब्द मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला, पण मुले तो त्या दिवशी मैदानावर शिकली.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. तासापुरता येणारा निदेशक कवायत घेईल; पण कोणता मुलगा उपाशी आला आहे, कोणाच्या घरी काल काय झाले, हे दिवसभर शाळेत असणाऱ्या माणसालाच कळते. सध्या पीटीच्या तासाला गणिताचा जादा तास होतो आणि चेंडू कपाटात पडून आहेत. तालमींच्या आणि फुटबॉलवेड्या पेठांच्या या गावात ही स्थिती असावी, याचे फार वाईट वाटते. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी इथे वसतिगृहे उभी केली, त्यांनीच कुस्तीसाठी खासबाग मैदानही बांधले. पोरांचे शिक्षण आणि पोरांचा खेळ यांत त्यांनी निवड केली नाही.

माझी मागणी एकच आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, पट कितीही येवो, प्रत्येक माध्यमिक शाळेला एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक मिळावा, आणि रिकाम्या झालेल्या अशा जागा येत्या जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी भरण्याचे आदेश आपण द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर