रविवारच्या पोळ्या कोण लाटते?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या पुरवणीसाठी आपण ख्रिस्ती वाचकांना त्यांच्या घरच्या सणाबद्दल लिहायला सांगितले आहे. मी केकची कृती लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या आणि वाटले, आमचा नाताळ सगळ्यांनाच दिसतो. उरलेले दिवस आम्ही प्रभूच्या नावाने कसे काढतो, ते मात्र कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. म्हणून हे पत्र वेगळ्याच विषयावर आहे. पुरवणीत बसत नसेल तर वाचकांच्या पत्रव्यवहारात छापावे, ही विनंती.

मी नागपुरात अजनीला राहते. चौदा वर्षांपासून घरीच मेस चालवते. मेडिकलची आणि नर्सिंगची मुले, दोन-चार नोकरीवाले, असे 42 डबे होते. मदतीला दोन मावशी आहेत. एक पोळ्यांना, एक भाजी-भांड्यांना. डबे पोहोचवायला सायकलवर एक मुलगा.

नागपुरात मेसचा रविवार कसा असतो, हे घर सोडून शिकायला राहिलेल्या कुणालाही विचारा. संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे दुपारचे जेवण भरभक्कम. पाटवडी रस्सा, मसालेभात, काहीतरी गोड आणि डब्यामागे चार पोळ्या. म्हणजे 168 पोळ्या अकराच्या आत लाटून, भाजून, मोजून डब्यात. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस तो. आणि माझी चर्चमधली उपासना साडेनऊला. मी पहाटे चारला उठून रस्सा करायची, वड्या थापायची, नऊला साडी बदलून बायबल घेऊन निघायची. पोळ्या, भात, डबे भरणे हे सगळे दोघी मावशींवर. बारा वर्षे असेच चालले होते आणि त्यात काही चुकते आहे, असे मला एकदाही वाटले नव्हते. उलट चर्चच्या मंडळीत बायका म्हणायच्या, एवढा व्याप सांभाळून ही एक रविवार चुकवत नाही. मला ते ऐकायला बरे वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी शास्त्रवाचन करायची पाळी माझ्यावर आली. दहा आज्ञांचा भाग होता, बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ केलेला. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळ, त्या दिवशी काम करू नकोस. तू नाही, तुझा मुलगा नाही, तुझी मुलगी नाही, तुझा दास नाही, तुझी दासी नाही. इथवर मी सवयीने वाचत गेले. पुढे लिहिले आहे की तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा. 'तुझ्यासारखाच' या अर्थाचे ते शब्द वाचताना माझा आवाज अडखळला. त्या वेळी घड्याळात दहा वाजले होते. दहाला मावशींची साधारण नव्वदावी पोळी तव्यावर असते, हे मला न पाहता माहीत होते.

घरी आले तेव्हा पोळ्यांच्या मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली, जिथे लाटणे घासते तिथे, फोड येऊन फुटला होता. त्यावर कणीक लावून त्यांनी पोळ्या पूर्ण केल्या होत्या. मी विचारले, सांगितले का नाही? म्हणाल्या, "तुमी चर्चमंदी होत्या ना ताई. मंग कोनाले सांगू?"

मी या गोष्टीला दृष्टान्त वगैरे म्हणणार नाही. बारा वर्षे माझी उपासना दुसऱ्या बाईच्या हातावर चालली होती, एवढेच मला त्या दिवशी कळले.

रविवारची सुट्टी आपल्याकडे इंग्रज साहेबासोबत आपोआप आली, असे पुष्कळांना वाटते. गिरणी कामगारांना ती आपोआप मिळाली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा 10 जून 1890 पासून कामगारांना रविवार मिळाला. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीमागचे एक कारण होते. माझे सासरे इथल्या एम्प्रेस मिलच्या साचेखात्यात होते. 1877 सालची ती मिल, 2002 मध्ये बंद पडली. ते सांगायचे की सुट्टीच्या दिवशीही भोंग्याच्या वेळेला जाग यायचीच, पण परत कूस बदलून झोपता यायचे आणि ते सुख पगारापेक्षा मोठे होते. अशा घरातली मी सून, आणि माझ्याच स्वयंपाकघरात सुट्टी नव्हती.

ठरवायला मला तीन आठवडे लागले. मालकांशी, म्हणजे माझ्या यजमानांशी, रोज हिशेब. शेवटी रविवार पूर्ण बंद केला. मुलांचे महिन्याचे दोनशे रुपये कमी केले, मावशींचा एक पैसा कमी केला नाही. शनिवारी रात्रीच्या डब्यासोबत रविवारपुरते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देते. ते धपाटे मी स्वतः थापते, नाहीतर रविवारचे काम शनिवारी त्यांच्याच गळ्यात पडायचे. पहिल्याच महिन्यात सात डबे तुटले. परीक्षेच्या दिवसांत रविवारी गरम जेवण हवे, ही मुलांची तक्रार खोटी नव्हती, आणि मी त्यांना अडवले नाही. 2,800 रुपयांप्रमाणे सात डब्यांचे महिन्याला 19,600 होतात. आमच्या घरात ती रक्कम मोठी आहे. दोन वर्षांत पाच डबे परत जुळले.

पोळ्यांच्या मावशींना पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "पैशे नाही ना कापान जी?" हे त्यांनी तीनदा विचारले. आता त्या रविवारी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जातात. दुसऱ्या मावशी कामठीला लेकीकडे जातात. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी मला विचारले की तू सुट्टी दिलीस ती प्रभूच्या दिवसासाठी, आणि त्या जातात विहारात, हे कसे? मला त्यात काही अवघड वाटत नाही. आज्ञेत दासीने कुठे जावे हे लिहिलेले नाही, तिला विसावा मिळावा एवढेच लिहिले आहे. आणि दीक्षाभूमीच्या या गावात कुणाला विहारात जायला सकाळ मोकळी मिळाली, याचा मला आनंदच आहे.

एक दार उघडले की आतली बाकीची खोली दिसायला लागते. मुले पैसे देतात दहा तारखेपर्यंत, म्हणून मी मावशींना पगार द्यायची बारा तारखेला. त्याच 'अनुवाद' पुस्तकात पुढे चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. बारा तारखेपर्यंत मावशींचे घरभाडे थकायचे, मग त्या माझ्याकडेच उचल मागायच्या आणि मी ती उपकार केल्यासारखी द्यायची. त्यांचेच पैसे! आता एक तारखेला पगार होतो. त्यासाठी एक महिना मला माझी भिशी मोडावी लागली. त्यानंतर उचल मागायची वेळ आली ती एकदाच, नातवाच्या आजारपणात.

तळणीच्या तेलाचेही तसेच. उरलेले तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला घालणे हा धंद्यातला रिवाज आहे, मीही करायची. जे तेल माझ्या लेकाच्या भाजीत घालणार नाही, ते दुसरीच्या लेकाच्या डब्यात का, याचे उत्तर मला देता येईना, म्हणून सोडले.

माझे हे लिहिणे काहींना फुशारकी वाटेल. तसे वाटू नये म्हणून मी नाव छापू नका असे सांगते आहे. पण लिहिणे मला गरजेचे वाटते. आमच्या मंडळीत प्रार्थना खूप होते, उपवास होतात, वार्षिक मेळाव्याला मांडव अपुरा पडतो, आणि त्यातल्या बहुतेक घरांत आज सकाळी कुणीतरी मावशी भांडी घासत होती. तिचा रविवार कधी असतो, हा प्रश्न मी कुठल्याही उपदेशात ऐकला नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात, 1893 साली. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आधी धरून ठेवले ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. ते प्रवचन मी आता पुन्हा पुन्हा वाचते. त्यात आहे काय? राग, भांडण, उसने मागणारा, शपथ, दिलेला शब्द, उद्या काय खावे याची काळजी. सगळे स्वयंपाकघरातले आणि चौकातले आहे. वेदीवर अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, असे प्रभू त्यातच सांगतो. मी बारा वर्षे बरोब्बर उलटे करत होते, मावशींकडे पाठ फिरवून अर्पण ठेवायला जात होते.

सगळे जमले आहे असे नाही. डबे पोहोचवणारा मुलगा डब्यामागे पैसे घेतो. मी रविवार बंद केला तेव्हा मावशींचे पैसे राखले, पण त्याची महिन्यातली चार-पाच दिवसांची कमाई सरळ बुडाली, आणि हे माझ्या ध्यानात यायला आठ महिने गेले. तो काही बोलला नाही. रविवारी तो आता एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जातो, म्हणजे मी ज्या दिवशी बसते त्याच दिवशी तो दुप्पट राबतो. येत्या जानेवारीपासून त्याला डब्यावर न ठेवता महिन्यावर घेते आहे, रविवार धरून. त्याला काल सांगितले. त्याने आधी विचारले, पावसाळ्यात डबे कमी झाले तर? मी म्हटले, तरीही तेवढेच.

आपली,
एक मेसचालक वाचक,
अजनी, नागपूर